चोचीपुरती जागा

खुंटीवर नरोटी नव्हती.

वच्छलानं चुलीजवळ पाहिलं, मोरीत पाहिलं, पलंगाखाली उगीचच वाकून पाहिलं. काठीचा दांडा लावलेली ती नारळाची अर्धी कवटी. नदीच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्यातलं पाणी उपसण्यापलीकडे तिचा काही उपयोग नव्हता. घरात नळ आला तशी ती खुंटीला जी लटकली ती लटकलीच. आज तिच्याखालची पाण्याची पितळी गुंडीही जाग्यावर नव्हती. आणि माय ओट्यावर बसली आहे असं समजून वच्छला सकाळपासून शिलाई मशीन चालवत होती.

ओट्यावर कोंबडी बसली होती.

शेजारी जानराव बकऱ्यांना पाला टाकत होते.

"जानरावभाऊ, माय दिसली काय?"

"गेली ना मघाशी. डोक्शावर गुंडी होती. म्या इचारलं, कुठी चालल्या तुळसाकाकू, त म्हणे पाण्याले."

"अन् तुमी जाऊ देली?"

"मले वाटलं हापशीवर चालली असन." जानरावांचा हात पाल्यातच थांबला. "नदीवर त नसन गेली?"

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन बकऱ्या नदीवर पाणी पिऊन आल्या आणि दिवस मावळायच्या आत तोंडाला फेस येऊन आडव्या झाल्या. फवारणीचे पंप लोक तिथंच धुतात. वरच्या गावांच्या नाल्याही तिच्यातच येतात. रेतीच्या ट्रॅक्टरांनी तर पात्र असं उकरून ठेवलं आहे की कुठल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी आणि कुठल्यात म्हैस बुडेल एवढं, हे वरून कळत नाही. हे सगळं दोघांनाही माहीत होतं.

वच्छला निघाली. एका पायात आपली चप्पल, दुसऱ्यात मायची, हे तिला पुलापाशी कळलं. तेवढ्यात वाशीमहून भावाचा, धम्मरत्नचा फोन.

"ताई, माय जेवली काय?"

"जेवन मंग."

"दे बरं तिच्याजवळ."

"बाहेर हाय थे."

"एवढ्या उनात कायले बाहेर जाऊ देतं तू तिले?"

"ठेव आता," ती म्हणाली. फोनवरून काळजी करण्यात धम्मरत्नचा हात कोणी धरला नसता.

वर्षभरापासून मायच्या डोक्यातले दिवस मागेपुढे झाले होते. कधी ती वच्छलाला आपली बहीण समजे, कधी शाळेत जाणारी पोर. मेलेल्या जावयाची भाकर झाकून ठेवी. त्यातलं वच्छलाला सवयीचं झालं होतं. पण नदीचा विषय तिनं आजवर काढला नव्हता.

नदीला नाव होतं, गावात ते कोणी घेत नसे. वच्छला लहान होती तेव्हा उन्हाळ्यात पात्रभर पांढरी रेती पडायची आणि ज्याचा त्याचा झिरा असायचा. पाटलांचे झिरे वरच्या अंगाला, बौद्धवाड्यातल्यांचे खाली, जांभळाच्या वळणावर. पाणी मात्र रेतीखालून सगळ्यांकडे सारखंच यायचं. ते कोणाला विचारत नव्हतं. माय कोपरापर्यंत हात घालून रेती उकरायची. आधी गढूळ पाणी यायचं, ते नरोटीनं उपसून टाकायचं आणि गप्प बसायचं. मग ते असं निवळायचं की तळाशी रेतीचे कण उड्या मारताना दिसत.

आता पात्रात वेडी बाभूळ माजली होती. वच्छला एकेका खड्ड्याच्या काठावरून वाकून पाहत चालली. एका खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यात काहीतरी पांढरं तरंगत होतं. मायचं लुगडं पांढरं होतं. वच्छला काठ धरून खड्ड्यात उतरायला लागली. वाऱ्यानं ते उलटं झालं आणि त्यावरची खताची छपाई दिसली. गोणी होती.

"माय वं," तिनं हाक मारली. 

"इकडे हाय मी. वरडतं कायले?"

जांभळाचा आता खुंट राहिला होता. त्याच्या आडोशाला तुळसाबाई पाय पसरून बसली होती. हात कोपरापर्यंत काळ्या चिखलानं भरलेले. पुढ्यात झिरा, बरोबर जुन्या जागी, आणि त्यात राखेच्या रंगाचं पाणी. वर तेलाचा तवंग, वास नाकात जाणारा. नरोटी ओली होती.

"माय, तू पेली काय हे पाणी?"

"मी कशी पेईन?" मायला रागच आला. "उकरनारे आधी पेत नाईत. संग आनलेल्या लेकराले आधी देतेत. तुलेच पाहून राह्यली मघापासून. पाण्याबिना गया सुकला माहा."

वच्छलानं डोळे मिटले. मायनं नरोटी भरून तिच्यापुढे धरली.

"घे."

"गढूय हाय अजून."

मायनं नरोटीत निरखून पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे. तिनं ते पाणी बाजूला ओतलं. "हाय खरं. निवयते. बस."

वच्छला बसली. दोघी त्या राखाडी पाण्याकडे पाहत बसल्या. माय तिच्या पाठीवरून चिखलाचा हात फिरवत होती आणि वच्छला मायचे सुकलेले ओठ पाहत होती.

"आज नाई निवयत, माय. झाकून ठिऊ. घरी चाल."

"काटे टाक मंग. ढोरं तुडवतेत."

वच्छलानं बाभळीची फांदी ओढून आणली आणि झिऱ्यावर टाकली.

"तशी नोको. पाखराले चोच घालता आली पाह्यजे. जागा सोड."

वच्छलानं फांदी सरकवून चोचीपुरती जागा सोडली. मायनं वाकून खात्री करून घेतली, पदराची चुंबळ केली, गुंडी डोक्यावर ठेवली आणि पायवाटेला लागली.

"हो पुढं. माही चप्पल अटकली," वच्छला म्हणाली.

चप्पल पायातच होती. खुंटावर एक साळुंकी येऊन बसली होती. वच्छलानं तिला हाकललं, दुसरी फांदी मोडून आणली आणि ती जागा नीट बुजवली. तळहाताला काटा रुतला. तो तसाच मुठीत धरून ती मायच्या मागे झाली.

"जागा सोडली ना वं?" डोक्यावर गुंडी होती म्हणून माय मान न वळवताच बोलली.

"सोडली."

माय पुढे चालत राहिली. रिकामी गुंडी एका हातानं सावरत, थेंबही सांडणार नाही अशी.