शेपटाला बांधलेला दिवा

कंपालातल्या आमच्या प्रयोगशाळेत पेशी आधी ठेचायच्या आणि मग त्यात कुठलं प्रथिन किती ते मोजायचं, अशी वहिवाट होती. अख्खी पेशी दाखवणारा सूक्ष्मदर्शक एकच, त्यासाठी आठवडाभर रांगेत कोण थांबणार? मी पंधरा वर्षं ठेचत आलो आणि त्याचा मला तोराही होता.

आमची विद्यार्थिनी नाकिमेरा पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या एका प्रथिनावर संशोधन करत होती. ते दिसावं म्हणून त्याला हिरवा चमकणारा तुकडा जोडायचा होता. तो दिवा मी जोडून दिला. प्रथिन पेशीत भरपूर, पण पेशी ढिम्म, वाढेचनात. तुम्वेबाझेबाई, आमच्या प्रमुख, म्हणाल्या, "महिनाअखेरच्या बैठकीत हा विषय बंद." म्हणजे पोरीची दोन वर्षं पाण्यात.

"प्रथिनच बिनकामाचं गं," मी जेवताना शेंगदाण्याच्या कालवणात मटोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, बुडवत म्हणालो. "मोजलंय की आपण!"

"लुब्वामादादा, घर पाडून विटा मोजल्यावर कोण कुठं बसलं होतं ते कसं कळणार?"

फटकळ पोरगी! राग आला.

तिनं रांग लावली, न ठेचलेल्या पेशी पाहिल्या. मग तोच दिवा स्वतः प्रथिनाच्या डोक्याला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला, जोडला आणि मला बोलावलं. तिच्या पेशीत हिरवा उजेड कडेला, आवरणाशी चिकटलेला, आणि पेशी जोमानं वाढतायत. माझ्या पेशीत तो सगळीकडे पसरलेला. काय देखणी होती ती तिची हिरवी कड! या प्रथिनाच्या शेपटाला चरबीचा गोंडा लागतो, त्यानं ते आवरणात रुतून बसतं आणि तिथूनच निरोप देतं. मी नेमका शेपटालाच दिवा बांधून गोंड्याची जागा अडवली होती.

तिनं दोन्ही पेशींची चित्रं काढून घेतली.

बैठकीत तिनं दोन्ही चित्रं दाखवली. "प्रथिन तेच, प्रमाण तेच. फक्त जागा चुकली की काम बंद."

"पण शेपटाला दिवा कोण बांधतं?" तुम्वेबाझेबाईंचा आवाज चढला. "हे कुणी बनवलं आणि का, ते सांग. नाहीतर मी यातलं काही धरणार नाही."

नाकिमेरा खाली मान घालून उभी. वडीलधाऱ्याची चूक चारचौघांत काढायची नाही, ही आमची रीत.

"मी बांधला," मी उठलो. "चुकून. त्या चुकीचं काय करायचं ते या पोरीला कळलं, मला नाही."

बाईंनी दोन्ही चित्रं पुन्हा शेजारी शेजारी लावून पाहिली. मग म्हणाल्या, "विषय चालू."

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच खेकसलो. "माझं नाव घ्यायला काय झालं होतं? सगळं गेलं असतं ना!"

"तुम्ही उठणार हे मला ठाऊक होतं, दादा."

मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.