आज कोणीही वारलेले नाही

मित्रांनो, शहराच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत माझा पहिला नंबर आला. ऐकलंत ना? आता विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या नोंदवहीत तसा ठरावच आहे, खाली अध्यक्षांची सही आहे, आणि सहीपुढे कोणाचं चालतं? तेव्हा मी आपली सुरुवातीपासून सांगते.

मी एक जुनी शववाहिका आहे. दचकू नका, आज मी रिकामी आहे. गेलेल्या माणसांना त्यांच्या शेवटच्या मुक्कामाला पोहोचवणं हे माझं काम होतं. मी लांब आहे, काळी आहे आणि माझ्या मागच्या खिडक्यांना पडदे आहेत.

कारखान्यात आम्ही बारा जणी एकाच आठवड्यात तयार झालो. माझ्या बहिणी कोणी हॉटेलात लागल्या, कोणी मोठ्या साहेबांकडे. मला मात्र मागून कापलं आणि माझं छप्पर उंच केलं. ज्या कामगाराने माझं मागचं दार बसवलं, त्याने बाहेरून मूठ लावली, आतून लावलीच नाही. मुकादमाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आतून कोण उघडणार?" मुकादमाने जरा विचार केला आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझ्याविषयी कारखान्यात झालेली चर्चा एवढीच.

मग मी पालिकेच्या नोकरीत लागले आणि माझा ड्रायव्हर मला भेटला. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. सगळं शहर त्याला सावकाश म्हणायचं. एकतीस वर्षं त्याने मला माणसाच्या पावलाच्या वेगाने चालवलं. मागून चालत येणाऱ्यांना धाप लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मला तिसरा गिअर आहे हे मला आठव्या वर्षी कळलं, तेही गॅरेजमध्ये.

सावकाशची बायको शिवणकाम करायची. माझे पडदे तिनेच शिवले. बाहेरून करडे, सरकारी. आतल्या बाजूने मात्र तिने पिवळ्या फुलाफुलांचं कापड लावलं. साहेबांनी विचारलं तर काय सांगणार, असं सावकाशने तिला विचारलं होतं. ती म्हणाली, साहेब आतून बघायला येतील तेव्हा त्यांना आवडेलच.

ती माझ्यात कधी बसली नाही. संध्याकाळी मला गॅरेजला लावायला निघाला की सावकाश वाटेत तिच्या दुकानापाशी थांबायचा आणि म्हणायचा, बस की पुढे, माझ्या शेजारी. ती म्हणायची, "मला काही घाई नाही." मग ती फूटपाथवरून चालायची, तो माझी काच खाली करून तिच्या बरोबरीने मला चालवायचा आणि दोघं गप्पा मारायची. भाजी काय आणायची, मुलीच्या शाळेतून चिठ्ठी का आली, असलं काहीतरी. या प्रकारात दोनदा अनोळखी माणसं मान खाली घालून आमच्या मागे चालू लागली. त्यातले एक गृहस्थ थेट गॅरेजपर्यंत आले आणि सावकाशच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांना खरं सांगायचा धीर आम्हा तिघांपैकी कोणालाच झाला नाही.

मित्रांनो, माझ्या कामात कौतुक फार होतं, पण ते माझं नसायचं. फुलं मिळायची, तीही माझ्यासाठी नसायची. आम्ही दिसलो की रस्ता गप्प व्हायचा. शीळ घालणारा शीळ गिळायचा, टोपीवाला टोपी काढायचा. एकदा सावकाशची बायको चालता चालता म्हणाली, "अहो, बसवाल्याला पोरं हात हलवतात, आगीच्या बंबाला हलवतात, कचऱ्याच्या गाडीलासुद्धा हलवतात. तुम्हाला एवढ्या वर्षांत कोणी हलवला?" सावकाशने पुढचा चौक येईपर्यंत विचार केला आणि नाही म्हणाला. ती म्हणाली, "एकदा तरी हलवायला हवा हो कोणीतरी." तो हसला, पण ती हसत नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी ती गेली. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर देऊ केला. सावकाश नको म्हणाला. त्याने माझं मागचं दार लावलं, परत उघडलं, पडद्याची एक सुरकुती सरळ केली आणि परत लावलं. मग बाहेरच्या मुठीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. वाटेत त्याने सवयीने काच खाली केली होती. संपूर्ण रस्ताभर तो फूटपाथकडे बघत होता. रस्त्याकडे मीच बघितलं.

पुढे तो निवृत्त झाला आणि मीही झाले. पालिकेने नवी पांढरी गाडी घेतली. निरोपाला सावकाशला भिंतीवरचं घड्याळ देणार होते; त्याने त्याऐवजी मला मागून घेतलं. घराच्या बाजूला, ताडपत्रीखाली मी राहू लागले. समोरचे आजोबा मला टाळायला रोज लांबच्या गल्लीने फिरून जात. त्यांचं चालणं दुप्पट झालं आणि तब्येत सुधारली. त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. दहा वर्षं ताडपत्रीवर पालापाचोळा साठत गेला. माझ्या टायरांतली हवा माझ्याआधीच गेली.

मग एक दिवस सावकाशने जुन्या गाड्यांच्या क्लबचा, मिरवणुकीचा फॉर्म आणला. त्याची मुलगी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. ती म्हणाली, "बाबा, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "काही म्हणायला नको. एकाने हात हलवला तरी पुरे. तुझ्या आईचं राहिलंय." दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढायला तीच आली. कोणी नाही हलवला तर मी हलवीन, पालिकेच्या पायऱ्यांवर उभी राहते, असं तिने कबूल केलं.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांची लाल, उघड्या टपाची गाडी ते दात घासायच्या ब्रशने घासत, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. माझा अर्ज वाचून त्यांनी तातडीची सभा बोलावली. पण नियमात एवढंच होतं की गाडी चाळीस वर्षांहून जुनी हवी आणि सगळे भाग मूळचे हवेत. माझं सगळं मूळचं होतं. मला कोणी कधी धडकलंच नव्हतं. माझ्या इतक्या जवळ यायला कोणी तयार नसे. शेवटी मला परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. मी सगळ्यांच्या मागे राहायचं, आणि माझ्यापुढे ठळक अक्षरांत पाटी बांधायची: 'आज कोणीही वारलेले नाही.'

मिरवणुकीच्या सकाळी सावकाशने माझी पुढची काच तीनदा पुसली. आतून दोनदा, बाहेरून एकदा. बायकोने शिवलेले पडदे त्याने उलटे लावले, पिवळी फुलं बाहेर. स्वतः पांढरा सदरा घातला. एकतीस वर्षांत मी त्याला करड्याशिवाय पाहिलं नव्हतं.

पुढे बँड, मग चौदा गाड्या, शेवटी मी. आता क्लबच्या लोकांना पॉलिश, पितळ, चामडं, सगळ्यातलं सगळं कळत होतं. एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. बँडच्या मागे बँडच्याच वेगाने जावं लागतं, आणि भर उन्हात पावलाच्या वेगाने चाललेल्या जुन्या गाडीच्या इंजिनाला वारा लागत नाही. पहिल्या चौकात डॉक्टरांच्या लाल गाडीतून किटलीसारखी वाफ निघाली. दुसऱ्या चौकापर्यंत पाच गाड्या कडेला लागल्या. सावकाश प्रत्येकीच्या शेजारून हळूच पुढे जात होता आणि प्रत्येकाची माफी मागत होता. तेवढ्यात डॉक्टर धावत आले, माझ्यापुढची पाटी सोडली आणि आपल्या इंजिनाला वारा घालायला घेऊन गेले.

तिसऱ्या चौकात मी एकटीच उरले. माझं इंजिन गार होतं. मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

बँडमधल्या ढोलवाल्याने मागे वळून पाहिलं. त्याला चौदा गाड्यांच्या जागी मी दिसले. त्याचा हात हळू झाला, मग थांबला. सगळा बँड गप्प झाला आणि पावलं मोजत चालू लागला. दोन्ही बाजूंची गर्दी शांत झाली. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. फुगेवाल्याने फुगे पाठीमागे लपवले. सावकाशने काच खाली केली आणि स्वतःच हात बाहेर काढून हलवला. बराच वेळ हलवला. पण मित्रांनो, माना खाली असल्यावर कोणाला काय दिसणार?

मिरवणूक संपायची त्या पालिकेच्या पायऱ्यांपाशी मी पहिली पोहोचले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

वरच्या पायरीवर सावकाशची मुलगी उभी होती. तिने आम्हाला पाहिलं. शांत रस्ता, काळी मी, आत तिचा बाप, उघडी काच. तिचा हात वर आला. खांद्यापर्यंत आला. मग तो तसाच तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी क्लबने ठराव केला की हवामानामुळे मिरवणूक झालीच नाही, सबब कोणाचाही नंबर आलेला नाही.

पण त्या संध्याकाळी घराच्या बाजूला मला लावल्यावर सावकाश सीटवरून उठला नाही. मुलगी खिडकीपाशी आली. फूटपाथच्या बाजूने.

"तू हलवलास ना गं हात?" त्याने विचारलं.

"हो बाबा."

"मला दिसला नाही. काच खराब होती."

"हो," ती म्हणाली, "पुसायला हवी होती."

मग ती दोघं मिळून माझी स्वच्छ काच पुसत बसली. सावकाशने त्यानंतर मला पुन्हा चालवलं नाही. ताडपत्री परत आली. पडदे मात्र त्याने तसेच ठेवले आहेत, फुलं बाहेर.

मित्रांनो, तुमच्या रस्त्यावरून कोणी काळी गाडी गेली तर मान जरूर खाली घाला. पण ती रिकामी परत येत असेल, तर चालवणाऱ्याकडे एकदा बघा. तोही कुठूनतरी घरीच चाललेला असतो.

आणि पालिकेच्या वाहन विभागास माझा हा अर्ज. मी आपल्या सेवेत एकतीस वर्षे विनाअपघात, विनातक्रार काम केले आहे. माझ्या प्रवाशांपैकीही कोणी तक्रार केलेली नाही. तरी माझ्या मागच्या दाराला आतून एक मूठ बसवून मिळावी. ती वापरली जाईलच असे नाही. सदर काम मागील तारखेपासून (तारीख सावकाशला माहीत आहे) लागू करावे, ही नम्र विनंती.