चपला काढा, पुढे सिडनी आहे

मित्रांनो, माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मी एक जुना पडदा आहे, नवापूरच्या एका फोटो स्टुडिओत माणसांच्या पाठीमागे टांगलेला. माझ्या अंगावर समुद्र आहे, पण मी समुद्र कधी पाहिलेला नाही. माझ्यावर ऑस्ट्रेलियातलं सिडनी शहर आहे, आणि असं शहर खरोखर आहे की नाही याची मला अगदी परवापर्यंत खात्री नव्हती. तेव्हा माझं बोलणं तुम्ही पारखूनच घ्या.

मुळात मी साधा मांजरपाट, जाडंभरडं कापड. माझे मालक हिंमतराव धानोऱ्याचे, घरी शेतीवाडी, पण त्यांचा सगळा जीव कॅमेऱ्यात. पंचवीस एक वर्षांपूर्वी त्यांनी नवापुरात स्टुडिओ काढला आणि मला अमृत पेंटरच्या हवाली केलं. अमृत ट्रकच्या मागे मोर रंगवायचा. सिडनी त्याने सायकलच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं, ऑक्टोबरच्या पानावर. निळं पाणी, लोखंडी कमानीचा पूल आणि पाण्याकाठी टोकदार पांढऱ्या छपरांचं एक मोठं घर. आठ दिवसांत त्याने ते सगळं माझ्यावर उतरवलं. माझा खालचा भाग जमिनीवर पसरायचा, त्यावर दगडी फरशी काढली. डावा कोपरा रिकामा राहिला, तिथे त्याने फुललेला पळस उभा केला. आकाशात दोन बगळे सोडले.

"सिडनीमां बगळा ऱ्हातस का रे?" हिंमतरावांनी विचारलं.

"पानी शे ना? मंग बगळा येतीस," अमृत म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला.

मला तेव्हाच शंका आली. जो माणूस कधी सुरतेच्या पलीकडे गेला नाही त्याने काढलेलं शहर कितपत खरं असणार? त्या पांढऱ्या छपरांबद्दल तर रोज नवा तर्क चाले. कोणी म्हणे मंदिर, कोणी म्हणे फोडलेल्या नारळाची भकलं. ते नाटक-गाण्याचं घर आहे असं एका गुरुजींनी सांगितलं, पण त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही.

माझा रंग पाण्यात कालवलेला होता. ओला हात लागला तरी तो सुटायचा. म्हणून हिंमतरावांनी पहिल्याच दिवशी नियम केला. गिऱ्हाईक आत आलं की ते कॅमेऱ्यामागून ओरडत, "चपला काढा पहिले! सिडनी खराब व्हई जाई!" त्यामुळे माझ्यासमोरचा प्रत्येक माणूस सूटबूट घालून आला तरी फोटोत अनवाणी आहे. तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर ते फोटो आजही लटकलेले असतील. बघा एकदा पायांकडे.

त्या काळात माझा रुबाब मोठा होता. लग्न ठरलेल्या मुली, नोकरी लागलेले जवान, तोरणमाळकडून आलेली नवी जोडपी, सगळे माझ्यापुढे उभे राहत. पण मित्रांनो, माझा स्वभाव बिघडला तो तिथेच. माझ्यासमोर येणारा जो तो थोडं तरी खोटं बोलायचा. गॉगल मित्राचा, घड्याळ मेव्हण्याचं. एका इसमाने तर माझ्यापुढे काढलेला फोटो दाखवून गावभर सांगितलं की तो आठ दिवस परदेशात होता. वर्षानुवर्षं हे बघून मी कोणावरच भरवसा ठेवेनासा झालो. कोणी फार गोड हसलं की मी मनात म्हणायचो, याचं काहीतरी लपवणं चाललंय.

अपवाद एकाच मुलीचा. चिंचपाड्याकडचा सुकराम नाताळच्या खरेदीला आला होता. सोबत बायको मंगळीबाई, मुलगा सॅम्युअल आणि नऊ वर्षांची योगिता. योगिताचे पाय धुळीने माखले होते. हिंमतरावांनी तिला नळावर पाठवलं. ती पाय धुऊन आली ती तशीच ओली माझ्यावर चढली, पळसाच्या बाजूला. हिंमतराव ओरडले, ती दचकून मागे सरली, पण उशीर झाला होता. फरशीवरचा रंग उचलला गेला आणि तिचं डावं पाऊल माझ्यावर उमटलं, पाचही बोटांसकट. सुकरामने खांद्यावरच्या टॉवेलने घासून पाहिलं, त्याने टाच तेवढी फिसकटली.

योगिताला रडू आलं होतं, तरी फोटोसाठी तिने डावा हात कमरेवर ठेवला आणि विचारलं, "काका, हे गाव खरं आहे?"

"खरं शे. पन लांब शे."

"तिथे पण चपला काढाव्या लागतात?"

हिंमतराव अजून रागातच होते. "मंग! काढाच लागतीस," ते म्हणाले.

माझ्यावर शंका घेणारं ते पहिलं माणूस. मला ती फार आवडली.

पुढे माझे वाईट दिवस आले. हिंमतरावांचा मुलगा भाग्येश कॉम्प्युटर शिकून आला. त्याने माझ्या जागी एक हिरवा कपडा लावला. त्या कपड्याच्या अंगावर काही म्हणजे काही नाही. पण त्याच्यापुढे माणूस उभा करून भाग्येश कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबतो आणि मागे ताजमहाल येतो, बर्फ येतो, वाटेल ते येतं. मला बांबूला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. एका पावसाळ्यात उंदराने माझा पूल कुरतडला. कोणी विचारलं नाही. मी अंधारात त्या हिरव्याचा मत्सर करत राहिलो, हे कबूल करतो.

योगिता नर्स झाली हे मला गुंडाळलेल्या अवस्थेतच कळलं. पाच महिन्यांपूर्वी ती पासपोर्टचे फोटो काढायला आली. "काका, सिडनीला चालले," ती म्हणाली. हिंमतराव खुर्चीतून उठलेच. मी मात्र कोपऱ्यात कुरकुरलो. कोण एजंट, कुठलं हॉस्पिटल, कोणी पाहिलंय?

आणि मग परवाचा बाजाराचा दिवस उजाडला.

भर दुपारी सुकराम आत आला. हातात सॅम्युअलचा मोबाइल. नमस्कार नाही, पाणी नाही. त्याने मोबाइल हिंमतरावांपुढे धरला. "हा फोटो तुम्ही काढला. खरं सांगा."

फोटोत योगिता होती. मागे पांढऱ्या छपरांचं घर, त्यामागे कमानीचा पूल, निळं पाणी. डावा हात कमरेवर. आणि पाय अनवाणी.

"हिंमतभाऊ, मी येडा नाही," सुकराम म्हणाला. त्याची बाजारापुरती मराठी त्या दिवशी थरथरत होती. "परदेशात कोण अनवाणी फिरतं? ती इथे फोटो काढायला आली होती. तेव्हाच हाही काढला. आता कोणीतरी तो मला पाठवतोय. माझी पोरगी कुठे आहे?"

त्याचा संशय उगाच नव्हता, मित्रांनो. त्याच्या मेव्हण्याची मुलगी गेल्या वर्षी अशीच एका एजंटबरोबर गेली होती. मोठ्या दवाखान्यात नोकरी, असं सांगितलेलं. पांढऱ्या कोटातले फोटो येत राहिले. सहा महिन्यांनी कळलं की तिला कुठल्याशा कारखान्यात कोंडून राबवत होते. ती परत आली, पण अजून दाराची कडी वाजली की दचकते. तेव्हापासून फोटो या गोष्टीवरून सुकरामचा विश्वास उडाला होता. गावात रेंज नाही, योगिताचा आवाज तुटक येतो. आणि आता हा फोटो. मंगळीबाईने दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता.

"सुकराम, तू मन्हावर शक करी ऱ्हायना?" हिंमतरावांचा चेहरा उतरला. "तो पडदा मी कितला वरीसपासून उघाडेल नही."

"मग उघडा."

भाग्येशने मला ओढून बाहेर काढलं आणि खिळ्यांना टांगलं. किती वर्षांनी उजेड पाहिला! धूळ उडाली, सगळे खोकले. सुकराम फोटो माझ्याशी ताडून पाहू लागला, आणि त्या घाईत तो चपलांसकट माझ्यावर चढला. पंचवीस वर्षांत माझ्यावर पडलेली ती पहिली चप्पल. मला लागलं ते तिच्या खिळ्यांनी नाही. हा माणूस आता कशाचीच पर्वा करण्याच्या पलीकडे गेलाय, हे मला तिथे कळलं.

"दख, फोटोमां पळस नही, बगळा नही," हिंमतराव सांगत होते.

"कॉम्प्युटरवर पुसता येतं. भाग्येश रोज पुसतो."

भाग्येशने मान खाली घातली. पुसता येतं हे खरंच होतं. आणि खरं सांगू? मलासुद्धा त्याचाच संशय आला. मी स्वतः तिथे टांगलेलो, तरी त्या मोबाइलमधलं शहर मला माझंच वाटत होतं. पूल त्याच जागी, घर त्याच कोनात. खरं शहर एका ट्रक रंगवणाऱ्याच्या चित्रासारखं तंतोतंत कसं दिसेल?

"तिले फोन लाव. तोंड दखाडनारा फोन," हिंमतराव म्हणाले. "आठे रेंज शे."

"नको. तिच्या बाजूला कोणी उभं असेल. ती खरं बोलणार नाही."

"मंग तुन्हा बोलीमां इचार. तठे तुन्ही बोली कोनले समजाव शे?"

सुकरामने मोबाइल भाग्येशच्या हातात दिला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. आणि मग योगिताचं तोंड दिसलं.

बापलेक मावचीत, त्यांच्या घरच्या बोलीत, बोलले, ते मी तुम्हांला मराठीत सांगतो. सुकरामने कशी आहेस विचारलं नाही. "तुझ्या पायात चपला का नाहीत?" त्याने विचारलं.

योगिता हसली. मग बापाचा चेहरा नीट पाहिला आणि थांबली.

"बाबा, सुट्टी होती म्हणून मी शहर बघायला गेले. पण मला दुसरं काही बघायचंच नव्हतं, मला हिंमतकाकांचा पडदा शोधायचा होता. आधी बोटीतून गेले, तर घर उलटंच दिसलं. मग पुलावर चढले, तिथूनही जुळेना. पाय दुखायला लागले. शेवटी एका बागेतून चालत पाण्यात शिरलेल्या टोकापर्यंत गेले, आणि एकदम सगळं जुळलं. पूल मागे, घर पुढे. हिंमतकाका सांगायचे त्या कॅलेंडरवाल्याने फोटो तिथूनच काढला असणार. मला पुढे पाऊलच टाकता येईना. चपला काढल्या तेव्हा टाकता आलं. लोक बघत होते, त्यांतल्याच एकाने फोटो काढून दिला."

सुकराम मोबाइलजवळ सरकला.

"आणि बाबा, बगळे आहेत इथे. म्हणजे तसलेच, चोच काळी आणि वाकडी. कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतात. माझ्या हातातला पाव पळवला एकाने." ती पुन्हा हसली. "त्या पडद्यावर माझा पाय उमटला होता ना, पळसाखाली? तुम्ही टॉवेलने घासलात तरी गेला नाही. तसं इथे व्हायला नको म्हणून मी तळवेसुद्धा ओढणीने पुसले. हिंमतकाका ओरडतील असं वाटलं."

सुकराम तिथेच उकिडवा बसला. पळसाखालची धूळ त्याने फुंकरीने उडवली. पाऊल तिथे होतं. पाच बोटं, आणि फिसकटलेली टाच. त्याने आपला पंजा शेजारी ठेवला आणि तो रडू लागला, अगदी मोठ्याने. मोबाइलमध्ये योगिता "बाबा, बाबा" करत होती. तिच्या मागे स्वयंपाकघरातून केरळच्या दोन मैत्रिणी घाबरून डोकावत होत्या. "आईला सांगा जेवायला," योगिता म्हणाली.

मित्रांनो, ज्या अनवाणी पायांनी सुकरामच्या मनात संशय पेरला, त्याच पायांनी त्याची खात्री पटवली. दुसऱ्या कोणी पोरगी पळवून, फोटो जुळवून पाठवला असता, तरी तिथे चपला काढण्याचं कारण कोणाला सुचलं असतं? ते फक्त तिलाच सुचणार होतं. मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे तपासत बसलो आणि पाय कधी नीट पाहिलेच नाहीत. या माझ्या चुकीची मला लाज वाटते.

थोड्या वेळाने सुकरामला आपल्या चपला दिसल्या. तो गडबडीने खाली उतरला, त्या उंबऱ्याबाहेर ठेवून आला. "भाऊ, मी तुम्हांला नको ते बोललो."

"ऱ्हाऊ दे," हिंमतराव म्हणाले, पण डोळे त्यांनीही पुसले.

सुकरामने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फरशीवरचा आपल्या चपलेचा ठसा हलक्या हाताने पुसला. नुसती धूळ होती, ती गेली. भाग्येश म्हणाला, "काका, तो पळसाखालचा डागही काढून टाकू? थोडा रंग लावला की झालं."

सुकरामने त्या पावलावर हात ठेवला. "तो नको," तो म्हणाला.

माझा स्वभाव काही पालटलेला नाही. सिडनी आहे, असं मी आता धरून चालतो, तरी एजंटांवर, फोटोंवर आणि त्या हिरव्या कपड्यावर माझा डोळा असतोच. तुम्हीही संशय जरूर घ्या. घरातलं कोणी लांब गेलं तर दहा वेळा चौकशी करा, त्यांच्याशी आपल्या बोलीत बोला. आणि तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात गुंडाळून पडला असेल, तर त्याला रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा.

माझ्यासाठी एवढंच मागणं आहे. मला पुन्हा गुंडाळाल तेव्हा पळसाच्या बाजूने जरा हळू. तिथे एका मुलीचं पाऊल आहे.