सोबतचा रकाना

फोनवर लोक आधी आजाराचं विचारत नाहीत, पत्त्याचं विचारतात. "तुमचा दवाखाना बिबवेवाडीत नक्की कुठे?" मी सांगते, हार्डवेअरच्या दुकानावर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पलीकडून, "अच्छा, म्हणजे आमच्या घराजवळच की." हे वाक्य आलं की मी त्या माणसावर मनातल्या मनात काट मारते. तो येणार नाही. मनोविकारतज्ज्ञ शोधताना सगळ्यांना जवळचा हवा असतो, आणि जायची वेळ आली की लांबचा. खडकीचे लोक दोन बस बदलून आमच्याकडे येतात. बिबवेवाडीचे नारायण पेठेत जातात. नारायण पेठेतले बहुधा जातच नाहीत, शेजाऱ्यांना पाठवतात.

डॉक्टर ऋचा यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं समोरच्या टेबलावर बसते. संध्याकाळी कुलूप लावताना दाराच्या कडीला सुतळीने एक वही बांधून जाते, पेनसकट. सकाळी लोक येऊन तिच्यात नाव लिहितात, त्या क्रमाने नंबर. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांचीही अशीच वही आहे. तिच्यात लोक अख्खं नाव लिहितात, वर कुठली दाढ तेही लिहितात. आमच्या वहीत लोक पाटील लिहितात. एका मंगळवारी माझ्याकडे पाच पाटील होते. मी "पाटील!" म्हणून हाक मारली तर एकही उठला नाही. प्रत्येकाला वाटलं, खरा पाटील दुसरा कुणीतरी असेल.

नवीन माणूस आला की मी फॉर्म भरून घेते. नाव, वय, पत्ता, आणि शेवटचा रकाना, 'सोबत कोण'. पहिल्या भेटीला घरचं कुणी असलेलं बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी विचारते, "सोबत कोण आलंय?" समोरचा मागे वळून पाहतो, जणू कुणी आलं असेल आणि त्यालाच ठाऊक नसेल. मग म्हणतो, कुणी नाही. मी त्या रकान्यात आडवी रेघ मारते. पट्टी ठेवून मारते, वाकडी रेघ मला चालत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, यंदा चैत्रात माझंच बिनसलं.

आमच्याकडे नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांत मन लागलं का, झोप लागली का, भूक कशी, असं. प्रत्येकापुढे शून्य ते तीन. बेरीज मी करते. पंधरा किंवा वर गेली की कागदाचा कोपरा दुमडते, म्हणजे आत डॉक्टरांना न बोलता कळतं. एका दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी पेन्सिलीने एक कागद भरला. शेवटच्या, 'जगणं नकोसं वाटलं का' या सगळ्यात वाईट प्रश्नापुढे शून्य होतं. तरी बेरीज एकोणीस आली. परत केली, तरी एकोणीस. खोडरबराने सगळं पुसलं आणि कागद गठ्ठ्यात ठेवला. ठेवल्यावर पाहिलं तर कोपरा दुमडलेला. कधी दुमडला ते कळलंही नव्हतं.

डॉक्टर ऋचांना सांगायला काय हरकत होती? बाई चांगली आहे. पण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या वासंतीताई म्हणजे दवाखान्याचा खांब." खांबाने जाऊन काय सांगायचं, की मला भूक लागत नाही?

तिला तसा सुगावा लागलाच होता.

"ताई, डबा तसाच परत नेताय?"

"उपास आहे."

"कसला?"

"मंगळवारचा."

"अहो, आज बुधवार आहे."

"कालचा राहिला होता."

ती हसली, मीही हसले, आणि डबा घरी नेऊन मी गॅलरीत कबुतरांना घातला. कबुतरं त्या महिन्यात चांगली गुबगुबीत झाली.

आमची सुट्टी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी साडेआठला मी शेवटच्या पेशंटला म्हणते, "गोळ्या वेळेवर घ्या." त्यानंतर माझा पुढचा शब्द शुक्रवारी सकाळी साडेनऊला, फोनवरचा "हॅलो". मधले सदतीस तास मी कुणाशीही बोलत नाही. दूधवाला पिशवी दारात ठेवून जातो, लाइटबिल मोबाइलवर भरलं जातं. हे गेली तीन वर्षं, श्रीराम गेल्यापासून चाललंय. श्रीराम, माझे यजमान. मुलगा केदार बेंगळुरूला, तो रविवारी फोन करतो. "जेवलीस?" "जेवले." "तब्येत?" "छान." त्याच्या मागे कुकरची शिट्टी होते आणि तो ठेवतो. चैत्रात असं व्हायला लागलं की शुक्रवारचं "हॅलो" घशातून बाहेरच येईना. दोनदा खाकरावं लागायचं. एका बाईंनी पलीकडून विचारलंही, "दवाखाना मनाचा आहे की घशाचा?"

म्हणून ठरवलं, डॉक्टर शोधायचा. लांबचा. मला डॉक्टरांची भीती नव्हती. मला समोरच्या टेबलाची भीती होती. त्या टेबलावर बसणारी बाई कोण आली, कशी आली, चप्पल कुठली, डोळे कसे, सगळं टिपते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मीच ती बाई. तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी पलीकडची मुलगी फार गोड बोलली, ती काट. दुसरीकडे मीच चुकले. फोन लागल्याबरोबर म्हणाले, "नमस्कार, डॉक्टर आत आहेत, बोला." पलीकडचा म्हणाला, "तुम्ही बोला." मी ठेवून दिला. तिसरा नारायण पेठेतला. तिथला माणूस म्हणाला, "गुरुवारी सकाळी येऊन वहीत नाव लिहा, डॉक्टर संध्याकाळी पाचला बसतात. फोनवर नावं घेत नाही, लोक नंतर नाकबूल होतात." हा आवाज मला बरा वाटला.

गुरुवारी साडेआठला गेले. झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या बोळातून आत, पहिला मजला, दार बंद आणि खिळ्याला वही. वहीच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'खरे नाव लिहावे. खोटे लिहिल्यास निदान लक्षात ठेवावे.'

सहा नावं आधीच होती. मी पेन हातात घेतलं. अकरा वर्षं ज्यांना हसले त्यांची आठवण झाली आणि मी सरळ लिहिलं, पाटील. लिहिताना बोळात कुणी पाहत नाही ना, तेही पाहिलं.

पण वही फार वाईट ठेवली होती. समास नाही, नंबर नाहीत, दोन नावं एकाच ओळीत घुसलेली. संध्याकाळी भांडणं होणार हे दिसत होतं. मी बसच्या पासची कड लावून समास आखला, एक ते सात आकडे घातले, घुसलेल्या नावाला बाण काढून त्याची जागा दाखवली. हात आपला चालत होता. मग उतरून आले, आणि संध्याकाळपर्यंत काय करायचं ते न कळून घरी जाऊन परत आले.

पाच वाजता टेबलावर सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, नाकाच्या टोकावर चष्मा. लोक त्यांना दीनानाथकाका म्हणत होते. त्यांनी वही उघडली, लांब धरली, जवळ धरली.

"आज आमच्याकडे ऑडिट येऊन गेलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असो. पाटील, क्रमांक एक!"

एक जण उठला. मग दोन, तीन, असे सहापर्यंत. प्रत्येकजण आत जाऊन बाहेर येईपर्यंत मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सुट्ट्या मोजत होते. एका मुलीबरोबर तिची आई होती, एकाबरोबर भाऊ. सोबत नसलेली मी एकटीच, आणि मी सारखी दाराकडे बघत होते, कुणी यायचं असल्यासारखी.

"पाटील, क्रमांक सात."

मी उठले नाही. काकांनी खोलीवरून नजर फिरवली. खोलीत मी आणि कॅलेंडर.

"क्रमांक सात हजर नाहीत का?"

मी पर्स उचलली. "मी चुकून आले होते."

"सकाळी एकदा चुकून, संध्याकाळी परत चुकून?"

"माझं नाव पाटील नाही."

"त्याची मला कल्पना आहे. आमचे पाटील समास आखत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "कुठे असता?"

"बिबवेवाडीला."

"राहायला नाही विचारलं. कुठल्या दवाखान्यात असता?"

मी पर्सचा बंद आवळला.

"दातांच्या?"

"नाही. याच्याच."

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे हलवाई दुसऱ्याच्या दुकानात पेढे घ्यायला आला." हसले मात्र नाहीत. खुर्ची पुढे सरकवली. "बसा. फॉर्म भरायचाय. नाव खरं सांगा. चिठ्ठीवर पाटील असलं तरी केमिस्ट गोळी देईल, पण ती बिचारी लागू कुणाला पडणार?"

मी बसले. नाव सांगितलं. वय सांगितलं, अठ्ठावन्न. पत्ता सांगताना पिनकोडही सांगितला, लोक सांगत नाहीत आणि मग मला शोधावा लागतो. काका लिहीत होते. अक्षर बरं होतं.

"सोबत कोण?"

हा प्रश्न मला पाठ होता. तो दुसऱ्या बाजूने इतका मोठा ऐकू येतो, हे माहीत नव्हतं. मीसुद्धा मागे वळून पाहिलं.

"कुणी नाही. रेघ मारा."

"कसली रेघ?"

"आडवी. आमच्याकडे कुणी नसलं की मी रेघ मारते. पट्टी असेल तर..."

काकांनी पेन वर धरलं.

"अहो बाई, माणूस एकटा जिना चढून आलाय. त्याच्यावर आणखी रेघ कशाला मारता?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. रकान्यात लिहिलं, 'दीनानाथ'. पुढे, नातं: 'ओळखीचे'.

"असं कसं लिहिता?" मी म्हटलं. "आपली ओळख कुठाय?"

"वाद घालून झाला की. पुण्यात याहून जास्त ओळख लागत नाही. महिन्याला दहा-बारा जणांचा मी नातेवाईक असतो. सणावाराला बोलवत नाहीत, तेवढंच." त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला. मी भरला, बेरीज केली, कोपरा दुमडला. त्यांनी कोपरा पाहिला, कशाला ते विचारलं नाही. मग ते उठून उभे राहिले आणि रिकाम्या खोलीत, भरल्या खोलीत मारावी तशी हाक मारली, "वासंती श्रीराम खांबेटे!"

दवाखान्यात दिवसाला वीस-पंचवीस नावं मी पुकारते. माझं पूर्ण नाव याआधी कुणी कधी पुकारलं, ते आठवेना. मी उठले.

आत डॉक्टर तरुण होते, अभिनव नावाचे. फॉर्म पाहून म्हणाले, "काका सोबत आहेत, छान." मग विचारलं, "भूक कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले. सगळे पाटील असंच म्हणतात. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते थांबले. ही युक्ती मला ठाऊक आहे, आमच्या डॉक्टर हीच करतात. ठाऊक असूनही मी कबुतरांचं सांगितलं. कबुतरांवरून गुरुवारचं निघालं. बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि काका दिवे मालवून, फक्त माझ्या खुर्चीवरचा ठेवून बसले होते.

"पुढचा गुरुवार," ते म्हणाले आणि वहीत स्वतःच लिहिलं. माझ्या आखलेल्या समासाच्या आत, नीट. "आणि येताना लाल पेन आणा. बाण काळ्यात दिसत नाही."

घरी गेल्यावर कुणी नव्हतंच. पोळी-भाजी केली, अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. कबुतरांना घातली नाही. गोळीला दोन आठवडे लागतील असं सांगितलं होतं, तेव्हा मी लगेच काही अपेक्षा ठेवली नाही. तरी शुक्रवारी साडेनऊला फोन वाजला आणि मी उचलला, तर "हॅलो" एका दमात आलं.

डॉक्टर ऋचांनी दुपारी डब्याकडे पाहिलं.

"आज कसला उपास?"

"उपास नाही. भूक लागत नाही. कालपासून औषध चालू केलंय."

त्यांचं पेन थांबलं. "कुणाकडे?"

"लांबच्या."

"ताई, मला सांगायचं होतंत..."

"सांगितलं की आता. बाहेर एक नवीन पाटील आहेत, पाठवते."

बाहेर तिशीतला एक माणूस, कंपनीचं ओळखपत्र खिशात उलटं घातलेलं, खुर्चीच्या कडेवर बसलेला. मी फॉर्म घेतला. नाव त्याने पाटील सांगितलं, पत्ता सांगताना जरा अडखळला. शेवटच्या रकान्याशी आल्यावर मी विचारलं, "सोबत कोण?"

त्याने मागे वळून पाहिलं. दार, जिना, कुणी नाही.

माझा हात सवयीने पट्टीकडे गेला होता. तो परत आणला आणि लिहिलं, 'वासंती'. नातं: 'ओळखीच्या'. फॉर्म फिरवून त्याच्यापुढे सही करायला ठेवला.

त्याने वाचलं. परत वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, "काकू, पण माझं आडनाव पाटील नाहीये."

"माहितीय," मी म्हटलं. "सही करा."