झरीच्या खुंटीवरचा लोकरी कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंगाने काळा, गुडघ्याखाली येणारा आणि स्वभावाने अत्यंत तापट. मित्रांनो, तापट का होऊ नये? मला शिवले बर्फासाठी, आणि टांगले परभणीजवळच्या झरीत, पत्र्याच्या घरात, जिथे चैत्रात पाण्याचा तांब्यासुद्धा हाताला चटका देतो. आठ वर्षे मी या एकाच खुंटीवर लटकलो आहे. ज्याने मला इथे आणून टांगले त्याचे नाव नागनाथ. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म शिकागोचा. झरीचा नागनाथ औरंगाबादला कॉलेज करून, शिष्यवृत्ती मिळवून तिकडे हिशेबशास्त्र शिकायला आला होता. पहिल्या हिवाळ्यात दोन सदरे एकावर एक चढवून तो कुडकुडत दुकानात शिरला आणि मला बघून उभाच राहिला. महिनाभर दुपारचे जेवण सोडून त्याने मला विकत घेतले. रोज संध्याकाळी तो मला स्वतःच्या हाताने ब्रश करी. तेव्हा तो मला फार आवडायचा, हेही सांगून टाकतो.

पुढे तो एका विमा कंपनीत कारकून झाला. कोणत्या धंद्यात कंपनीचा पैसा गुंतवावा, कोणता धंदा बुडेल, हे तो नुसत्या कागदांवरून ओळखी. त्याचे नाव कोणाला नीट घेता येत नसे, म्हणून त्याला सगळे नॅट म्हणत. एकदा कंपनीची वार्षिक मेजवानी होती. नागनाथ नवा टाय लावून दाराशी उभा होता. एक जाडजूड डायरेक्टर आला आणि त्याच्या तोंडाकडे न बघता आपली टोपी न् कोट त्याच्या हातात देऊन आत गेला. त्याला तो दारावरचा नोकर वाटला. नागनाथने टोपी टांगली, कोट टांगला. मग माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसून तो बराच वेळ उभा राहिला.

मला वाटते, हलके काम आपल्या हाताने पुन्हा करायचे नाही हे त्याने त्या दिवशीच ठरवले. आठ वर्षांत तो त्या कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट झाला. आता दार दुसरा उघडी, मला दुसरा टांगी. पत्रे तो तोंडाने सांगे आणि सेक्रेटरी बाई टाइप करी. पुढे लहानसहान कागदांवर सहीसुद्धा बाईच करू लागली. मग नवा कोट आला. मी जुना झालो. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात तो दहा दिवसांसाठी झरीला आला आणि जाताना म्हणाला, "माय, ह्यो कोट राहू दे. थंडीत बाच्या अंगाला होईल." झाले, माझी विल्हेवाट लागली.

त्याचा बाप सिताराम दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस. निजामाच्या राज्यात त्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नव्हते. तो ओट्याखाली बसून ऐके आणि धुळीत बोटाने गिरवी. तशी शिकलेली अक्षरे त्याने नागनाथचा हात हातात धरून त्याला शिकवली. छप्पन सालानंतर हे घर बौद्ध झाले, पण गावाची नजर होती तशीच राहिली. थंडीत सिताराम मला घालून पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा चावडीवर बसलेले किशनराव मालक ओरडले, "सिताऱ्या, कोट काढून हातात घे, मंग चाल!"

सितारामने माझे वरचे बटण लावले. "थंडी लय हाय, मालक," एवढेच म्हणून तो चावडीसमोरून ताठ मानेने चालत गेला. मी त्याच्या खांद्यांना मोठा होत होतो, पण त्या दिवशी बेतून शिवल्यासारखा बसलो. परदेशातल्या एकाही मेजवानीत मला असा मान मिळाला नव्हता.

पुढच्याच वर्षी सिताराम तापाने गेला. नागनाथला तार केली. तो आला नाही. महिन्याने एक पत्र आले, जाड पांढऱ्या कागदावर, इंग्रजीत टाइप केलेले. सितारामची बायको सरजाबाई ते घेऊन चंद्रभान गुरुजींची वाट बघत बसली. गुरुजी शाळा सुटल्यावर आले आणि वाचून मराठीत सांगू लागले. वडील गेल्याचे दुःख झाले, कामामुळे निघता येत नाही, तब्येतीला जपा. शेवटच्या ओळीवर ते अडखळले.

"वाचा की," सरजाबाई म्हणाली.

"सरजामाय, खाली लिवलंय... सायबानं तोंडानं सांगितलं. दस्तखत बाईनं केली."

"म्हंजी माझ्या लेकराचा हात ह्या कागदाला लागलाच न्हाई?"

गुरुजींनी पत्र तिच्या हातात दिले. तिने पत्राची घडी केली आणि माझ्या आतल्या खिशात घातली. मग गुरुजींकडून तिने उत्तर लिहून घेतले: एक ओळ तुझ्या हातची पाठव. त्याला उत्तर आले, टाइप केलेले: पत्र मिळाले, वेळ होताच लिहीन. खाली बाईंची सही. सहा वर्षे अशीच पत्रे येत राहिली. पैसेही येत. ती प्रत्येक पत्र माझ्याच खिशात कोंबी. मी लोकरीचा कोट होतो, त्याने मला आपल्या हापिसचे कपाट केले.

अठ्ठ्याहत्तर साली गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. पहिल्या दिवशी पाटी घेऊन निघालेली बाई होती सरजाबाई. लोक हसले. "म्हातारपणी काय मामलेदार व्हायचंय का?" ती म्हणाली, "माझ्या लेकाचा कागुद आला तर मला वाचाया पायजे." वर्षभर ती माझ्याखाली बसून गिरवत राहिली. पत्रे मात्र इंग्रजीतच येत होती.

गेल्या डिसेंबरात नागनाथ आला. परभणीहून जीप करून, अंगात सूट. गल्ली दारात गोळा झाली, गुरुजीही आत येऊन बसले. तो येऊन बसला. सरजाबाईने त्याच्याकडे बघितले नाही. ती गुरुजींकडे तोंड करून म्हणाली, "गुरुजी, ह्येला इचारा, परवास बरा झाला का?"

"माय, मी इथंच बसलोय. माझ्याशी बोल."

"गुरुजी, ह्येला सांगा, बोलायला आमीबी मानूस ठिवलाय."

दारातले लोक हसले. नागनाथचा चेहरा लाल झाला. "तिकडं मी काय सोसलं, तुला काय ठाऊक? लोकांच्या टोप्या टांगल्या मी, माय!"

"गुरुजी, ह्येला सांगा, त्याच हातानं बाच्या मयतीला दोन अक्षरं लिवली असती तर हात झडला नसता."

मला वाटले, आता हा उठून जाणार. जीप दारातच होती. पण त्याने खिशातून पेन काढले, गुरुजींच्या वहीतला एक कागद घेतला आणि जमिनीवर वाकून लिहू लागला. एका ओळीला त्याला फार वेळ लागला. लिहून झाल्यावर त्याने कागद गुरुजींपुढे धरला. सरजाबाईने तो मधेच ओढून घेतला आणि अक्षरावर बोट ठेवत स्वतःच मोठ्याने वाचला.

"बा... गेला... तेव्हा... मी... आलो... नाही."

"माय, तुला वाचता येतं?"

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितले. "तुझ्या कागदासाठी शिकले. तू धाडलाच न्हाईस."

नागनाथ हमसून हमसून रडला. तिने त्याला जवळ घेतले नाही. ती उठली, माझ्या खिशातली सगळी पत्रे काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवली. "हे तुझ्या हापिसचं हाय. घेऊन जा." आणि तो एक कागद तिने माझ्या खिशात सरकवला.

तिसऱ्या दिवशी निघताना त्याने मला खुंटीवरून काढले. कसरीच्या किड्यांनी माझी बाही खाल्ली होती. त्या भोकावरून बोट फिरवत तो म्हणाला, "ह्याला नेतो, नीट करून आणतो."

"राहू दे," सरजाबाई म्हणाली. "तो तुझा न्हाई. तुझ्या बाचा हाय."

मी पुन्हा खुंटीवर आलो, आणि पहिल्यांदाच मला खुंटीचा राग आला नाही.

मित्रांनो, लोकरीला कसर आतून लागते आणि भोक पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून माझ्यासारख्या जुन्या कोटाला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. तेही आपल्या हाताने, नोकराला सांगून नाही. आणि झरीला आलात तर मला खुशाल झटका, उलटा करा, ठिगळ लावा. फक्त माझ्या आतल्या खिशात एकच कागद आहे, तो तेवढा काढू नका.