शनिवार कुणाचा

“आई, अप्पा इज नॉट इव्हन वॉचिंग. बंद कर ना,” अनन्या म्हणाली.

विनीताने वळून पाहिलं. टीव्हीवर जुन्या तमिळ सिनेमात हीरो एमजीआर एकटा दहाजणांना लोळवत होता आणि तिचा नवरा वरदन भिंतीकडे तोंड करून बसला होता. स्ट्रोक येऊन अडीच महिने झाले होते. वाचा गेली, उजवी बाजू गेली. पण समजतं का काही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. स्पीच थेरपिस्ट यायची, किल्लीचं चित्र दाखवायची, सफरचंदाचं दाखवायची. वरदन ढिम्म. महिनाअखेरीस ती रिपोर्ट देणार होती. त्यात ‘काही कळत नाही’ असं आलं की थेरपी बंद, आणि मग अनन्याने बघून ठेवलेलं नर्सिंग होम.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या या घरात त्रेचाळीस वर्षं दर शनिवारी दुपारी जुना तमिळ सिनेमा लागत आला होता. वरदन मद्रासचा, शिवाजी गणेशनचा कट्टर भक्त. विनीता नाशिकची. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि शनिवारी घरी नवऱ्याचं मुसमुसणं ऐकायचं, कारण शिवाजी पडद्यावर रडला की हाही रडणार. वैतागून ती एमजीआरच्या पार्टीत गेली. तो मारतो, जिंकतो, गाणं म्हणतो, विषय संपला.

“मराठी असून शिवाजीच्या विरोधात? तुझ्या माहेरी कळवतो,” वरदन चिडवायचा.

शेवटी तह झाला. एक शनिवार त्याचा, एक तिचा. कुणी दुसऱ्याचा शनिवार ढापला, तर ज्याचा ढापला त्याने सिनेमाभर भिंतीकडे तोंड करून बसायचं. म्हातारपणीसुद्धा दोघांनी हा पोरकटपणा सोडला नव्हता.

आणि गेल्या शनिवारीही आपण एमजीआरच लावला होता, म्हणजे आजचा शनिवार वरदनचा, हे विनीताला आत्ता आठवलं.

तिने घाईघाईने यूट्यूबवर शिवाजीचा सिनेमा शोधून लावला. जरा वेळाने वरदनची मान हळूहळू टीव्हीकडे वळली.

“बघितलंस? त्याला कळतंय.”

“कोइन्सिडन्स असेल, आई. प्लीज, उगाच होप्स नको वाढवूस.”

पुढच्या शनिवारी विनीताने अनन्याला मुद्दाम बोलावून घेतलं. आज पोरीची खात्रीच पटवायची होती. तिने शिवाजीचा सगळ्यात रडका सिनेमा निवडला, वरदनची खुर्ची टीव्हीसमोर आणली आणि सिनेमा सुरू केला.

वरदनने मान फिरवली. भिंतीकडे.

अनन्या विनीताच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. सिनेमात आई मेली, वरदन भिंतच बघत होता. विनीताने रिमोट उचलला. टीव्ही बंद करता करता तिचा हात थांबला.

आज तिचा शनिवार होता.

तिने एमजीआर लावला. वरदनने मान वळवली आणि त्रेचाळीस वर्षं करत आला होता तसंच कंटाळलेलं तोंड करून तो सिनेमा बघू लागला.

“आई? व्हाय आर यू क्रायिंग?”

“आज माझा शनिवार आहे,” विनीता म्हणाली. “शिवाजी लावून दिला, तरी त्याने तो घेतला नाही.”

अनन्याने थेरपिस्टला फोन लावला आणि बोलत बोलत ती स्वयंपाकघरात गेली. इकडे गाणं सुरू झालं होतं. वरदनने मोठी जांभई दिली आणि तो सिनेमा संपेपर्यंत बसून राहिला.