पाठीमागचे केस

गिऱ्हाईकांना वाटतं, मावशी म्हातारपणी लहरी झाल्या. खुर्ची पार खाली करतात, तरी भागत नाही म्हणून लहान मुलांचं बुटकं स्टूल पुढे सरकवतात. परवा एक बाई म्हणालीच, "आता काय जमिनीवर बसवणार का?" मी म्हटलं, "केस कापायचेत की सिंहासन हवंय?" ती हसली. सुटले बाई. माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

खांद्यातली दोरी फाटली आहे. स्नायूला हाडाशी बांधून ठेवते ती. जन्मभर हात उचलून लोकांची डोकी सजवली, त्याचं हे बक्षीस. डॉक्टर म्हणाले, "हात वर धरायचं काम बंद. व्यायाम करा, नाहीच जमलं तर शिवावी लागेल." काम बंद म्हणे! मानेनं हो म्हणून बाहेर पडले आणि औषधाच्या दुकानातून सूज उतरवायच्या गोळ्या घेतल्या. सकाळी एक गिळायची, ठणका थांबला की कात्री उचलायची. दुकान बंद ठेवून घरी बोलू कुणाशी, भिंतींशी? हे गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी जे कुणी बोलतं, ते त्या खुर्चीत बसूनच बोलतं.

आणि गंमत ऐका. माझी एकुलती एक लेक समुद्रापार प्रयोगशाळेत आहे, आणि तिथे करते काय? खांद्याच्या फाटलेल्या दोऱ्यांवर संशोधन! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तशातली गत. तिला मी अवाक्षर सांगितलं नव्हतं. पोर हातातलं काम टाकून धावत येईल म्हणून सांगत नाही, अशी मी मनाची समजूत घालायचे. खोटं कशाला बोलू? भीती वेगळीच होती. सांगितलं आणि ती आलीच नाही, तर?

रविवारी दुकान बंद असतं, पण तिचा फोन मी तिथेच बसून घेते. उजेड चांगला आहे. डाव्या हाताने पुढचे केस नीट बसवले, फोन पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटलीला टेकवला आणि हसले. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, गोळीने सूज घालवली की दोरी बरी होते ना?"

"सूज मुळात वाईट नसते, आई. जखम झाली की सूज येते, ती हाकच असते एक. ती ऐकून दुरुस्ती करणाऱ्या मूळ पेशी जाग्या होतात. हाक दाबली तर त्या कितपत येतात, यावर तर आमची भांडणं चालतात."

"आणि सूज महिनोन्‌महिने राहिली तर?"

"मग त्याच पेशी बिघडतात. धड दोरी विणायची सोडून नुसता व्रण भरत बसतात."

"मग नव्या टोचून घ्यायच्या."

"काचेच्या बशीत छान वागतात गं त्या. माणसाच्या खांद्यात काय करतील, हे अजून कुणी छातीठोकपणे..." ती थांबली. स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "आई, तुझे मागचे केस कोण विंचरतं?"

मी समोरच्या आरशात पाहिलं. मागच्या भिंतीवरही आरसा आहे, गिऱ्हाईकाला मान दाखवण्यासाठी मीच लावून घेतलेला. त्यात माझं डोकं मागून दिसत होतं, मला आणि फोनमधून तिलाही. नुसत्या गाठी आणि गुंता, चिमणीचं घरटं परवडलं. आयुष्य आरशांत गेलं आणि मी आरसाच विसरले.

"हात वर कर."

"अगं, चहा ठेवलाय मी..."

"आई. हात वर कर."

हात छातीपर्यंत गेला आणि अडला.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि गोळ्या?"

"रोज."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझं डोकंच फिरलं. "रडायला काय झालं? मेलेय का मी?"

तिने डोळे पुसले. बरी कधी होणार, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "फार दुखतं का गं?"

छे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. महिनोन्‌महिने सगळ्यांना तेच तर म्हणत आले होते.

"दुखतं गं," मी म्हणाले. "फार दुखतं. रात्री कूस बदलता येत नाही. केस विंचरायला घरात कुणी नाही." आणि मग त्या रिकाम्या दुकानात, बंद दाराआड, मी गळा काढून रडले. यांच्या वेळीही अशी रडले नव्हते.

ती मला थांब म्हणाली नाही.

"मी येते," मग ती म्हणाली.

काम सोडून येऊ नकोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी गप्प बसले.